जेई की जेझेड? एकदाच ठरवा

एक्स८६ असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायच्या भाषेत, एकाच उडीच्या सूचनेला फोंड्याचा एक जण 'जेई' (समान असेल तर उडी) लिहितो, म्हापशाचा 'जेझेड' (शून्य असेल तर उडी). मग सामायिक कोडमध्ये एखादी उडी शोधताना निम्म्या जागा हाती लागत नाहीत. नॅस्म या असेंबलरमध्ये (सूचनांचा मशीन कोड करणारं साधन) दोन्हींचा मशीन कोड एकच: जवळच्या उडीसाठी हेक्समध्ये ७४. मशीन कोड उलट वाचणाऱ्या साधनांपैकी ऑब्जडम्प 'जेई' दाखवतो, एनडिसॅझम 'जेझेड'. म्हणून साधनावर विसंबू नका, नियम आपणच करा.

१. सीएमपीनंतर (तुलनेची सूचना) जेई, जेएनई (समान नसेल तर).
२. टेस्ट (बिट तपासणारी सूचना) किंवा डेकनंतर (एक वजा करणारी) जेझेड, जेएनझेड (शून्य नसेल तर). वाचणाऱ्याला लगेच कळतं, इथे तुलना नाही, शून्य तपासलंय.
३. ७२ या मशीन कोडच्या उडीला तर तीन नावं: जेबी, जेसी, जेएनएई. बिनचिन्ह तुलनेला जेबी, बेरजेतला हातचा पाहायला जेसी. जेएनएई मी तरी सोडूनच देईन.

नावं बदलण्याआधीची बायनरी जपून ठेवा. बदलानंतर पुन्हा असेंबल करून दोन्ही फाइल्स ताडून पाहा. एका बाइटचाही फरक पडता कामा नये.

जपा: जेजी आणि जेए (दोन्ही 'मोठं असेल तर उडी') ही एकाच सूचनेची दोन नावं नव्हेत. जेजी चिन्ह बघते, जेए बघत नाही; ३२ बिटांतला उणे १ तिला ४२९४९६७२९५ दिसतो.