जड हिशेब वर्करकडे द्या, पान अडकणार नाही

डोंबिवलीहून अंधेरीला जाताना दादरला कोणती लोकल पकडायची, हे सांगणारं एक छोटं पान मी घरच्यांसाठी केलं होतं. वेळापत्रकातल्या सगळ्या जोड्या तपासायला जुन्या फोनवर दोन-तीन सेकंद लागत आणि तेवढा वेळ पान गोठून जाई. दादरच्या पुलावर गर्दीत उभ्या माणसाला तेवढंही फार होतं.

जावास्क्रिप्टचा हिशेब आणि बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद, दोन्ही एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, चालतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर एका फेरीला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. फंक्शनला असिंक (थांबून थांबून चालणारं फंक्शन करणारा शब्द) लावून हे सुटत नाही; हिशेब तरीही त्याच थ्रेडवर होतो. त्यासाठी वेब वर्करच हवा, म्हणजे पानापासून वेगळ्या थ्रेडवर चालणारी जावास्क्रिप्ट.

आधी हिशेबाचं फंक्शन वेगळ्या फाइलीत न्या. पानातली व्हेरिएबल्स आणि डॉक्युमेंट (पानावरचे घटक) तिथे मिळत नाहीत, म्हणून लागेल ते सगळं त्याला पॅरामीटरमधूनच द्या. त्याच फाइलीत ऑनमेसेज, म्हणजे निरोप आला की चालणारं फंक्शन, लिहा: आलेला डेटा घ्या, फंक्शन चालवा, उत्तर पोस्टमेसेजने (निरोप पाठवणाऱ्या फंक्शनने) परत पाठवा.

मग पानात न्यू वर्कर लिहून त्या फाइलीचा पत्ता द्या. विनंती पोस्टमेसेजने जाते, उत्तर पानात बनवलेल्या या वर्कर ऑब्जेक्टच्या ऑनमेसेजमध्ये येतं. वर्करमधली चूक कळवणारं ऑनएररही आत्ताच लिहून टाका. फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली तर क्रोम वर्कर सुरू करू देत नाही. आपल्याच संगणकावर चालणारा साधा लोकल सर्व्हर लावा.

डेटा पाठवताना त्याची प्रत होते, आणि मोठ्या डेटाची प्रत करायलाही वेळ जातो. म्हणून मी वेळापत्रक वर्करलाच फेच करायला, म्हणजे सर्व्हरवरून आणायला, लावलं. पानाकडून फक्त दोन स्टेशनांची नावं जातात. मोठा अ‍ॅरेबफर (कच्च्या बाइट्सचा साठा) असेल तर पोस्टमेसेजच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये तो यादीत घालून द्या. मग प्रत न होता तो थेट वर्करकडे जातो, पानाकडे मात्र उरत नाही. फंक्शन मात्र पोस्टमेसेजने पाठवताच येत नाही, डेटाक्लोनएरर ही चूक येते.

खरी अडचण पुढे आली. शोध चालू असतानाच माणूस दादरऐवजी कुर्ला निवडतो. वर्कर हातातलं काम संपवल्याशिवाय पुढचा निरोप वाचत नाही, आणि जुनं उत्तर नव्या स्टेशनाखाली दिसतं. प्रत्येक विनंतीला क्रमांक द्या, तोच उत्तरासोबत परत मागवा, आणि शेवटचा क्रमांक नसलेलं उत्तर टाकून द्या. शोध लांबणारा असेल तर टर्मिनेटने वर्कर थांबवून नवा सुरू करा. अशा वेळी वेळापत्रक पुन्हा फेच करावं लागेल, म्हणून ते इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये, साठवा. ती वर्करमधूनही वाचता येते.