तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पतीची घरातील शुश्रूषा

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पती घरी येतात, तेव्हा अनेकदा नाकावाटे जठरापर्यंत गेलेली नळी तशीच असते, मानेवर टाक्यांची लांब रेघ असते, गालाच्या किंवा जिभेच्या काढलेल्या भागावर छातीची, हाताची वा मांडीची त्वचा बसवलेली असते आणि बोलणे अस्पष्ट झालेले असते. तंबाखू, गुटखा व सुपारीपायी हा आजार आपल्याकडे घरोघरी ओळखीचा झाला आहे आणि शुश्रूषेचा भार बहुधा पत्नीवर येतो, म्हणून हे लेखन मुख्यतः तिच्यासाठी आहे.

नळीतून अन्न देणे हे सर्वांत मोठे काम. रुग्णालय सोडण्यापूर्वी परिचारिकेच्या देखरेखीखाली ते स्वतःच्या हाताने करून पाहावे, आणि नाकपुडीपाशी नळीवरची कोणती खूण दिसते हे वहीत लिहून ठेवावे. घरी प्रत्येक वेळी आधी ती खूण पाहावी; ती सरकली असेल, नळी बाहेर आली असेल किंवा अन्न देताना ठसका लागून दम लागला, तर अन्न लगेच थांबवावे आणि नळी स्वतः आत ढकलण्याचा प्रयत्न न करता रुग्णालय गाठावे. अन्न देताना आणि त्यानंतर अर्धा ते एक तास त्यांना उशांच्या आधाराने बसते ठेवावे. सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडावी, थोडी उंच धरावी आणि कोमट अन्न आपोआप उतरू द्यावे. घाईने दट्ट्या दाबल्यास मळमळ होते. साधारणपणे एका वेळी 200 ते 250 मिली, दर दोन-तीन तासांनी, असे प्रमाण सांगितले जाते, परंतु आपल्या आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ताच प्रमाण मानावा. शेवटी थोडे पाणी सोडून नळी धुतली नाही, तर ती चोंदते.

येथे एक चूक फार घरांत होते, ती म्हणजे वरणाच्या नुसत्या पाण्यावर आणि फळांच्या रसावर भागवणे. जखम भरून येण्यासाठी प्रथिने आणि उष्मांक दोन्ही लागतात. म्हणून मऊ खिचडी, दूध, नाचणीचे सत्त्व, चालत असल्यास उकडलेले अंडे आणि चमचाभर तेल किंवा तूप असे मिक्सरमधून अगदी बारीक करून गाळून द्यावे. मधुमेह असल्यास हा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. कोणतीही गोळी कुटण्यापूर्वीही विचारावे, कारण काही गोळ्या कुटून देता येत नाहीत.

बोलता न येणे हे दुखण्याइतकेच जिव्हारी लागते. उशाशी पाटी-पेन्सिल किंवा वही ठेवावी, हाक मारायला एखादी घंटी द्यावी, आणि ते लिहीत असताना वाक्य आपणच पुरे करू नये. भेटायला आलेली मंडळी त्यांच्याविषयीचे प्रश्न पत्नीला विचारतात. अशा वेळी उत्तर न देता पाटी पतीच्या हाती द्यावी. पैशांचे, मुलांच्या शिक्षणाचे, शेतीचे निर्णयही त्यांना विचारूनच घ्यावेत. लाळ गळते म्हणून ते माणसांत यायचे टाळत असतील, तर खिशात मऊ रुमाल द्यावा, पण आग्रह करू नये.

मानेतील गाठी काढल्या असल्यास खांदा उतरतो आणि हात वर जाईनासा होतो. जबडाही हळूहळू आखडतो. दोन्हींसाठी शिकवलेले व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज, दुखले तरी थोडे थोडे करावे लागतात, आणि पत्नीने शेजारी बसून तेच व्यायाम केले तर ते खरोखर होतात, हा अनेक घरांचा अनुभव आहे. गुळण्याही सांगितल्या असतील तेव्हाच सुरू कराव्यात.

मानेवर अचानक सूज येणे, टाक्यांतून पू किंवा लाळ झिरपणे, बसवलेली त्वचा निळी-काळी पडणे, ताप येणे यांपैकी काहीही दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. मानेतून रक्त येऊ लागल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरून तत्काळ रुग्णालयात न्यावे. श्वास अडत असल्यासही क्षणाचा उशीर करू नये.

घरातील तंबाखू, सुपारी आणि मिश्री पूर्णपणे काढून टाकावी. घरात इतर कोणी खात असेल, तर त्यांनीही सोडणे हाच पतीला मिळणारा सर्वांत भक्कम आधार होय. तलफ अनावर झाल्यास 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल आल्यावर पुढे किरणोपचार, ज्याला बरेच जण ‘शेक’ म्हणतात, लागतील की नाही ते ठरते. लागणार असतील तर ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो, आणि त्याआधी दातांची तपासणी व्हावी लागते. म्हणून अहवाल हाती आला की तो कपाटात न ठेवता लगेच डॉक्टरांना दाखवावा आणि पुढची तारीख त्याच दिवशी घ्यावी. परगावाहून जावे लागत असेल, तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला व सोबत्याला उपचारासाठीच्या प्रवासात भाडेसवलत मिळते; त्यासाठीचे प्रमाणपत्र रुग्णालयातूनच मागून घ्यावे.