पत्रा वाकवण्याआधी त्यावरच्या रेघा बघा

माझ्या हातून वाया गेलेला पहिला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा 2 मिलिमीटरचा होता. प्रेसवर काटकोनात वाकवला आणि वाकाच्या बाहेरच्या बाजूने केसाएवढी चीर गेली. मी माल खराब म्हणून मोकळा झालो. चूक माझीच होती.

पत्रा उजेडात तिरका धरा. एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतील. रोलमधून पत्रा त्या दिशेने निघालेला असतो. वाक या रेघांना आडवा घ्या. समांतर घेतलात तर चीर जाण्याची भीती जास्त.

याचं कारण लाटण्यात आहे. ओतीव लादी अर्धा मीटरसुद्धा जाड असते. तिचा वरचा थर तासून काढतात, 500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि रोलमधून पुढेमागे काढत काही मिलिमीटरवर आणतात. पुढचं लाटणं थंडपणी होतं. धातूचे कण लांबट ओढले जातात आणि पत्रा कडक होत जातो. पुन्हा मऊ हवा असेल तर भट्टीत घालावा लागतो.

म्हणून नुसती जाडी सांगून पत्रा आणू नका, टेम्पर, म्हणजे पत्रा किती कडक आहे ते, विचारा. ‘ओ’ म्हणजे मऊ, ‘एच14’ अर्धा कडक, ‘एच18’ पूर्ण कडक. मिश्रधातूचा नंबरही बघा: खोलगट भांड्याला 1100 किंवा 3003 मऊ घ्या. खाऱ्या हवेत राहणाऱ्या टाकीला, बोटीला 5052. ‘6061-टी6’ (टी6 म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला) मजबूत म्हणून सगळे मागतात; मशिनिंगला तो छानच, पण वाकवायचा तर आतल्या गोलाईची त्रिज्या जाडीच्या किमान तिप्पट ठेवा. माझा तो पत्रा हाच होता, आणि वाक रेघांना समांतर!

वाकाची खूण सुईने ओरखडून करू नका, चीर तिथूनच सुरू होते. मार्कर वापरा. कापलेल्या कडेची धार कानशीने मारून घ्या. आधी एक तुकडा आडवा आणि एक उभा वाकवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

0.2 मिलिमीटरच्या खाली गेलं की पत्र्याची फॉइल होते. पातळ फॉइल शेवटच्या फेरीत दोन पदर एकत्र घालून लाटतात. रोलला लागलेली बाजू चकचकीत निघते, एकमेकांना लागलेली मंद. अन्न गुंडाळताना कुठलीही बाजू आत घ्या.