पिक्सेल मारिओच्या स्टेन्सिलमधील सरकणारे थर : माझा अनुभव

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममधील छोटा मारिओ १६ × १६ चौकटींत मावतो आणि त्याला तीनच रंग लागतात; म्हणून तीन ओएचपी शीट्स (पारदर्शक प्लास्टिकचे कागद) कापून नागपुरातील आमच्या गच्चीच्या भिंतीवर तो रंगवणे सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन रंगांच्या सीमेवर भिंतीची पांढरी रेघ डोकावते, आणि पिक्सेलच्या चित्रात ती फार खुपते, कारण तिथे प्रत्येक कडा सरळच असावी लागते.

उपाय थरांच्या क्रमात सापडला. पहिल्या शीटवर केवळ चेहरा न कापता संपूर्ण आकृतीची बाह्यरेषा कापली आणि ती त्वचेच्या फिकट रंगाने भरली; त्यावर टोपी व डंगरीचा लाल आणि शेवटी केस, सदरा व बुटांचा तपकिरी दिला. आता शीट किंचित सरकली तरी खालून भिंत दिसत नाही. तिन्ही शीट्स एकावर एक ठेवून कोपऱ्यांत एकदमच छिद्रे पाडली आणि भिंतीवरील पेन्सिलच्या खुणांशी ती जुळवली.

कोपऱ्याला कोपरा भिडणारे चौकोन कापताना त्यांच्यामध्ये शीट फाटते. तिथे एक मिलिमीटरचा न कापलेला पूल राखावा व भिंतीवरची ती जागा नंतर बारीक ब्रशने भरावी.

मे महिन्यातील आपल्या उन्हात स्प्रेचे कण हवेतच सुकून भिंतीवर भुकटीसारखे बसतात, म्हणून हे काम मी पहाटेच करतो आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ हात देतो, म्हणजे कडेखाली रंग झिरपत नाही.