घरात व्हायरल आलंय? बाकीच्यांना लागण कशी टाळाल

‘व्हायरल आहे, दोन दिवसांत जाईल’ म्हणत आपण ताप अंगावर काढतो. तोवर घरातलं आणखी कुणीतरी आडवं झालेलं असतं.

१. संसर्ग सक्रिय आहे का, ते पाहा

विषाणू पेशीत शिरून तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती बनवून घेतो. हे चालू असतं तोवर संसर्ग सक्रिय. गोम अशी, की लागण लक्षणांची वाट पाहत नाही. फ्लूचा रुग्ण त्रास सुरू होण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवतो. कांजिण्या पुरळ उठण्याआधी एक-दोन दिवस ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात.

रक्ताच्या अहवालात ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ (आयजीजी म्हणजे शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांचा, अर्थात अँटिबॉडींचा एक प्रकार) दिसलं म्हणून घाबरू नका. ती बहुतेकदा जुन्या संसर्गाची किंवा लसीची खूण असते. अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या.

२. पसरण्याची वाट ओळखा

खोकला-सर्दी असेल तर रुग्णाला मास्क द्या, खिडक्या उघडा, शक्यतो वेगळी खोली द्या. गोवर यात सगळ्यांत चिवट. रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो.

उलट्या-जुलाब असतील तर सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर त्याचा फारसा जोर चालत नाही. साबण आणि पाणीच हवं. निदान २० सेकंद चोळा. अंगठा आणि नखांच्या कडा हमखास राहून जातात. उलटी हातमोजे घालून कागदाने टिपा, मग ब्लीचचं द्रावण टाकून पाचेक मिनिटं तसंच राहू द्या. बरं वाटू लागलं तरी पुढचे किमान दोन दिवस रुग्णाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

३. औषधांचा आगाऊपणा नको

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच नकोत. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नका. त्यातून राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला राहिला, की मगच शाळा किंवा ऑफिस.

४. लस आधीच घ्या

गोवराचे दोन डोस, हिपॅटायटिस बी आणि दरवर्षी फ्लूची लस. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून गेल्या वर्षीच्या लशीवर विसंबता येत नाही.

५. थांबू नका

धाप लागणं, बोलण्यात असंबद्धपणा, लघवी फार कमी होणं, किंवा ताप उतरून पुन्हा जोरात चढणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. तान्ही बाळं, गरोदर बाया आणि वृद्धांच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नका.