स्थलांतराच्या हंगामात जंगलात आणि पाणथळीवर पक्षीनिरीक्षण कसे करावे

जागा निवडताना जंगल आणि पाणथळ जिथे एकमेकांना भिडतात असा काठ शोधावा. झाडीत उतरणारे कीटकभक्षी आणि चिखलात चरणारे पाणपक्षी तिथे एकाच फेरीत पाहता येतात. आधी जंगल, मग पाणी हा क्रम शक्यतो मोडू नये.

तयारी आदल्या रात्रीच्या हवामानापासून सुरू होते. वटवटे आणि माशीमार यांच्यासारखे अनेक छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. आकाश निरभ्र आणि वारा पाठीशी असला की ते पुढे निघून जातात, पण मध्येच पाऊस लागला किंवा समोरून जोराचा वारा सुटला तर वाटेतच खाली उतरतात. म्हणून रात्री पाऊस पडून गेलेली सकाळ कधीही चुकवू नये. वसंतातला परतीचा प्रवास घाईचा असतो, तेव्हा शक्य तितक्या वेळा फेरी मारावी. शरदातला प्रवास रेंगाळत चालतो आणि त्यात फिकट पिसाऱ्याची यंदाची पिल्लेही असतात, त्यामुळे ओळख अवघड जाते.

दुर्बीण ८×४२ ची पुरेशी आहे. तिच्यातून पक्षी आठपट जवळ दिसतो आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधूक प्रकाशातही रंग कळतात. दहापट दुर्बिणीत हाताचा कंप अधिक जाणवतो. कपडे मातकट रंगाचे असावेत.

सूर्योदयापूर्वी जंगलाच्या कडेला पोहोचावे. पहिले ऊन ज्या शेंड्यांवर पडते तिथे कीटक हालू लागतात आणि रात्रभर उडून भुकेलेले पक्षी तिथेच जमतात, म्हणून सूर्य पाठीशी ठेवून त्या झाडांसमोर किमान पंधरा-वीस मिनिटे एकाच जागी उभे राहावे. नवखे निरीक्षक चालत राहतात आणि त्यामुळेच त्यांच्या हातून निम्मे पक्षी निसटतात असे माझे ठाम मत आहे. स्थानिक पक्ष्यांच्या मिश्र थव्याची किलबिल ऐकू आली तर तो थवा बारकाईने पाहावा, कारण पाहुणे बहुधा त्यातच मिसळलेले असतात. वारा नसताना पान हलले तर नजर तिथेच रोखून दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. दुर्बीण लावून पक्षी शोधत बसू नये.

ऊन वर आले की पाण्याकडे वळावे. भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर असाल तर पूर्ण भरतीच्या आधीचे एक-दोन तास गाठावेत, तेव्हा चढणारे पाणी पक्ष्यांना काठाजवळ ढकलत आणते. रंगापेक्षा चोच, पाय आणि चरण्याची रीत आधी पाहावी. चिखल्या थोडे धावतो, थबकतो आणि टोच मारतो. पाणलावा लांब चोच चिखलात खोल खुपसतो. थापट्या बदक पसरट चोचीने पाणी गाळत पुढे सरकते.

खरी कसोटी तुतवारांची, म्हणजे चिखलात चरणाऱ्या आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांची. सामान्य तुतवार सतत शेपूट हलवतो आणि त्याच्या पंखापुढे पांढरी पाचर दिसते. हिरवा तुतवार उडाला की काळपट पंखांच्या मधोमध पांढरी कंबर उठून दिसते. ठिपकेवाल्या तुतवाराची पाठ ठिपक्यांनी भरलेली असते, भुवई लांब आणि फिकट असते, आणि उडताना पंखांची खालची बाजूही फिकट दिसते.

चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या आणि चरणे थांबवले, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. हे केवळ शिष्टाचारापुरते नाही. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या गॉडविट या लांब चोचीच्या पाणपक्ष्याचे एक कोवळे पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस कुठेही न उतरता उडाले, आणि ते उडाले निघण्यापूर्वी साठवलेल्या चरबीवर. वाटेत थांबलेल्या पक्ष्याला प्रत्येक वेळी उडवले की त्याचे चरणे थांबते आणि साठवलेली चरबी खर्ची पडते. याच कारणाने ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये.

नोंद जागेवरच करावी: तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, हवामान, जात आणि संख्या. २००२ पासून सुरू असलेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ती भरली तर संशोधकांनाही उपयोगी पडते. पुस्तक उघडण्यापूर्वी दिसलेल्या खुणा लिहून काढाव्यात, कारण चित्र पाहिल्यावर मन नकळत त्यातल्याच खुणा आठवू लागते. ओळख पटली नाही, तर ‘तुतवार, जात अनिश्चित’ अशीच नोंद ठेवावी.