अमेरिकेला शिकायला जाण्यापूर्वी : बॅगेबाहेरची तयारी

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी जून-जुलैमध्ये प्रेशर कुकर, गोडा मसाला, थंडीचे कपडे आणि कागदपत्रांच्या प्रती यांची यादी बारकाईने तयार होते. परंतु तिथल्या वर्गात, कचेरीत आणि शेजारात वावरताना ज्या सवयी लागतात त्यांची यादी सहसा कोणी करत नाही. या सवयींचा सराव निघण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत घरीच करता येतो. त्यांतली मुख्य सवय म्हणजे आपल्याला काय हवे, काय नको आणि काय समजले नाही, हे स्वतःच्या तोंडाने, वेळेवर आणि सौम्यपणे सांगणे. चेहरा पाहून समोरच्याने ओळखावे ही अपेक्षा आपल्याकडे पुष्कळदा पुरी होते. अमेरिकेत ती ठेवू नये, कारण न विचारता दुसऱ्याच्या गोष्टीत लक्ष घालणे तिथे अगोचरपणाचे समजले जाते.

पहिली तयारी नावाची. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे नावही अनेकदा छापलेले असते आणि विद्यापीठाच्या यादीत ती दोन्ही नावे एकत्र येतात. त्यामुळे वर्गात कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हे आधीच ठरवावे आणि उच्चार चुकला तर पहिल्याच दिवशी हसून दुरुस्त करावा. असे सांगण्यात उद्धटपणा नाही. उलट बहुतेक अमेरिकन माणसे उच्चार विचारून घेतात आणि तो नीट जमावा म्हणून प्रयत्नही करतात.

दुसरी तयारी प्राध्यापकांशी बोलण्याची. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होऊन ‘काइंडली डू द नीडफुल’ने संपणारी ईमेल लिहिण्याची सवय मोडावी. सुरुवातीला ‘प्रोफेसर’ आणि त्यांचे आडनाव, मग आपले नाव व विषयाचा क्रमांक, त्यानंतर एकच नेमका प्रश्न आणि शेवटी आभार, एवढ्यात पत्र पुरे होते. पहिल्या नावाने हाक मारा असे त्यांनी स्वतः सांगितले, तरच तसे म्हणावे. प्रश्न पाठवण्याआधी अभ्यासक्रमाचा लेखी आराखडा, म्हणजे तिथला ‘सिलॅबस’, पूर्ण वाचावा. गुणांची विभागणी, उशिराचे नियम आणि भेटीच्या वेळा त्यात दिलेल्या असतात. ‘ऑफिस अवर्स’ ही वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते, तेव्हा तिथे जाताना संकोच बाळगू नये. मात्र कोणत्या पायरीपर्यंत गणित सुटले आणि कुठे अडले, हे कागदावर मांडून न्यावे. अनेक विषयांत वर्गातल्या सहभागाला गुण असतात, म्हणून शंका विचारणे आणि कारणे देऊन मतभेद मांडणे यांचा सराव मित्रांबरोबर मोठ्याने बोलून करावा.

तिसरी तयारी सर्वांत गंभीर आहे आणि तिच्यावर या यादीत अधिक जागा देणे मला आवश्यक वाटते. आपल्या अनेक महाविद्यालयांत सबमिशनच्या आठवड्यात एकाची जर्नल दुसऱ्याने उतरवून काढणे ही मैत्रीची रीत मानली जाते आणि शिक्षकही तिकडे काणाडोळा करतात. अमेरिकेत हीच गोष्ट शैक्षणिक अप्रामाणिकपणात मोडते, आणि ज्याने आपला गृहपाठ उतरवायला दिला त्याच्यावरही कारवाई होऊ शकते. परिणाम शून्य गुणांवर थांबतीलच असे नाही. विषयात नापास होणे किंवा विद्यापीठातून निलंबन हेही संभवते, आणि निलंबन झाले की एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर तिथे राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. म्हणून निघण्यापूर्वी एखाद्या लेखाचा दीड पानांचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावा, उसनी वाक्ये अवतरणचिन्हांत घालावीत आणि कल्पना दुसऱ्याची असेल तर शब्द आपले असूनही तिचा स्रोत नोंदवावा. गटाने चर्चा करायला परवानगी आहे का, कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरलेले चालते का, याचे उत्तर प्रत्येक विषयात वेगळे असते; ते आधी विचारून घ्यावे. मित्राने उत्तर मागितले तर ‘उत्तर देता येणार नाही, पण पद्धत समजावतो’ असे म्हणण्याचे धैर्य कमवावे.

होकार-नकारही स्पष्ट हवा. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ असे म्हटले की समोरचा माणूस आपण येणारच असे धरून बसतो आणि आपण पोचलो नाही तर त्याचा आपल्यावरचा विश्वास कमी होतो. जेवणाच्या निमंत्रणाला हो किंवा नाही लगेच कळवावे, शाकाहार किंवा वर्ज्य पदार्थ त्याच वेळी सांगावेत आणि दिलेल्या वेळेवर पोचावे. उशीर होणारच असेल तर वाटेतून निरोप द्यावा. पंगतीतला आग्रह तिथे होत नाही. पोळीसाठी ‘नको’ म्हटले की वाढणारा थांबतो आणि भुकेल्या माणसाला तसेच उठावे लागते, म्हणून हवे असेल तर पहिल्यांदाच हो म्हणावे.

पगार किती, लग्न कधी, वय काय, वजन वाढले का, हे आपल्याकडचे आपुलकीचे प्रश्न तिथे टाळावेत. कोणाच्या रंगावर किंवा शरीरावर शेरा तर मुळीच मारू नये. आपल्याच मंडळींत आडनावावरून जात चाचपडण्याची खोडही इथेच सोडून जावी. बोलताना हातभर अंतर राखावे. नकार मिळाल्यावर पुन्हा विचारणे, मागे लागणे किंवा सतत संदेश पाठवणे याला छळ समजले जाते. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना 1972 चा टायटल नाइन हा लिंगाधारित भेदभावाविरुद्धचा कायदा लागू असल्याने अशा तक्रारी विद्यापीठ गंभीरपणे हाताळते. आपल्यालाच त्रास झाला, तर तिथे दाद मागता येते हेही लक्षात ठेवावे.

घर बहुधा तिघाचौघांत भाड्याने घेतले जाते. भांडी कोण घासणार, कचरा कोण नेणार, पाहुणे किती दिवस राहणार, हे पहिल्या आठवड्यातच बोलून लिहून ठेवावे. मोहरी-मिरचीची फोडणी देण्याआधी शेगडीवरचा पंखा सुरू करावा, खिडकी उघडावी आणि बेडरूमचे दार लावावे, कारण धुराने अलार्म वाजला तर काही इमारतींत मध्यरात्रीच्या बर्फातही सगळ्यांना बाहेर यावे लागते. अलार्मवर पिशवी बांधणे किंवा त्याची बॅटरी काढणे हा धोकादायक नियमभंग आहे.

पैशांचा हिशेब करताना बहुतेक राज्यांत लेबलवरील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, हे ध्यानात घ्यावे. बसून जेवायच्या हॉटेलात 15 ते 20 टक्के टिप देण्याची प्रथा आहे. ती ऐच्छिक वाटली तरी टाळू नये, कारण टिप मिळणाऱ्या कामगारांचे केंद्रीय किमान रोख वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलर एवढेच राहिले आहे; अनेक राज्यांत ते अधिक आहे. वीस डॉलरांच्या जेवणावर चार डॉलर टिप आणि वर कर, असा अंदाज करूनच हॉटेलात जावे.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात: 21 वर्षांखालील व्यक्तीला दारू विकत घेता येत नाही. गांजा काही राज्यांत खुला असला तरी केंद्रीय कायद्याने तो निषिद्ध आहे, तेव्हा व्हिसावरच्या विद्यार्थ्याने त्यापासून दूरच राहावे. पोलिसांनी गाडी थांबवली तर खाली उतरू नये, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि कागद काढण्यापूर्वी तसे सांगावे. संकटात 911 लावावा.

शेवटची तयारी आईवडिलांची. 1974 च्या फेर्पा कायद्यानुसार विद्यापीठातील विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, त्यामुळे फी भरणाऱ्या पालकांनी फोन केला तरी कार्यालय सहसा मुलाच्या लेखी संमतीशिवाय गुण सांगत नाही. हे त्यांना आधीच समजावून सांगावे आणि निकाल स्वतः कळवण्याचा शब्द द्यावा. फोनची वेळही ठरवून घ्यावी: ऑगस्टमध्ये बोस्टनला सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे गेली की तीच वेळ पुण्यात साडेसहाची होते.